गॅमा किरणांसाठी स्फटिकांचं भिंग: ५११ केईव्हीचा हिशेब, जुळणीतल्या अडचणी आणि नागपुरात करता येणारा प्रयोग

प्रश्न असा आहे: नागपूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्र करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी लाउए भिंग, म्हणजे स्फटिकांनी गॅमा किरण एका ठिकाणी गोळा करणारं भिंग, हा विषय घ्यायचा आहे. गॅमा किरण काचेने वळत नाहीत, आरशावरून परावर्तित होत नाहीत, मग स्फटिकांनी ते कसे वळतात? ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही) या ऊर्जेसाठी भिंग आखायचं तर आकडे कसे काढायचे? तत्त्व इतकं जुनं असताना अशी दुर्बीण अजून अवकाशात का नाही? आणि नागपुरात राहून यातलं काय करता येईल?

थोडक्यात सांगायचं तर यातलं मूळ भौतिकशास्त्र १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्रांनी मांडलेलं आहे. अडतं ते जुळणीत. शेकडो, पुढे हजारो स्फटिक प्रत्येकी दहा आर्कसेकंदांच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा) आत वळवायचे, तिथेच चिकटवायचे, आणि रॉकेटच्या हादऱ्यांनंतर व अवकाशातल्या थंडी-उन्हातही ते तसेच राहायला हवेत. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी अभ्यासला गेलेला भाग गोंद आहे, आणि तुमच्या प्रकल्पासाठी मी तोच सुचवणार आहे. पण आधी आकडे.

भिंग हवंच कशाला, हे नीट समजलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. गॅमा खगोलशास्त्रात आजवर बहुतेक काम कोडेड मास्क (ठरावीक नक्षीची छिद्रं असलेला पडदा, त्याच्या सावलीवरून स्रोताची दिशा काढतात) आणि कॉम्प्टन दुर्बिणींनी (डिटेक्टरमध्ये फोटॉन कसा विखुरला त्यावरून दिशा काढणाऱ्या) झालं. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं सीझेडटीआय हे कोडेड मास्कचंच उपकरण. ते मुंबईच्या टीआयएफआरच्या नेतृत्वाखाली तयार झालं आणि त्याच्या माहितीवरची प्रक्रिया पुण्याच्या आयुकात होते. २००२ साली सुटलेल्या इंटिग्रल या युरोपीय उपग्रहावरचं एसपीआय हे त्याच जातीचं, पण जर्मेनियम डिटेक्टरचं. या सगळ्यांत एक मूळ अडचण आहे. जेवढ्या क्षेत्रावर प्रकाश गोळा करायचा, तेवढाच मोठा डिटेक्टर लागतो. अवकाशात डिटेक्टरवर वैश्विक किरणांचा सतत मारा असतो, त्याने उपग्रहाचं ॲल्युमिनियम आणि खुद्द डिटेक्टरही किरणोत्सारी होतात, आणि ही पार्श्वभूमी डिटेक्टरच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे डिटेक्टर चौपट केला तर संवेदनशीलता जेमतेम दुप्पट होते. ५११ केईव्हीवर तर परिस्थिती आणखी वाईट, कारण उपग्रहाच्या धातूत तयार होणारे पॉझिट्रॉन नष्ट होताना नेमकी हीच रेषा देतात. आकाशातून जे शोधायचं, तेच उपग्रह स्वतः तयार करत असतो.

भिंग गोळा करणारं क्षेत्र आणि मोजणारं घनफळ वेगळं करतं. एसपीआयमध्ये १९ जर्मेनियम डिटेक्टर आहेत, समोरचं क्षेत्र सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर आणि जाडी ७ सेंटिमीटर. म्हणजे ३,५०० घन सेंटिमीटर जर्मेनियम. भिंगाखाली ३ × ३ सेंटिमीटरचा, ४ सेंटिमीटर खोल डिटेक्टर पुरतो: ३६ घन सेंटिमीटर. घनफळ जवळजवळ शंभरपट कमी, म्हणून तेवढ्याच परिणामकारक क्षेत्राला (म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या क्षेत्राला) पार्श्वभूमीची चढउतार दहापट कमी. लाउए भिंगाचा सगळा फायदा या एका ओळीत आहे, आणि आखणी करताना डिटेक्टरवरचा ठिपका मोठा करणारी कुठलीही तडजोड हा फायदा खाते.

आरसे का नाहीत, हे पटकन सांगतो. क्ष-किरण दुर्बिणींत किरण आरशाला अगदी चाटून जातात. त्यासाठीचा कमाल कोन ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सोन्याच्या पृष्ठभागासाठी ५११ केईव्हीला तो अर्ध्या आर्कमिनिटाच्या आसपास येतो. इतक्या सपाट कोनात आरशाचं समोरून दिसणारं क्षेत्र नगण्य राहतं. न्यूस्टार दुर्बिणीने पातळ थरांचे आरसे वापरून ही मर्यादा ७९ केईव्हीपर्यंत नेली. त्याच्या जरा अलीकडे, ७८.४ केईव्हीला त्या थरांतल्या प्लॅटिनमची शोषणकडा येते, म्हणजे तिथून पुढे प्लॅटिनमचं शोषण एकदम वाढतं. त्याच्या कितीतरी पुढे, शेकडो केईव्हीच्या पट्ट्यात, स्फटिक हाच मार्ग उरतो.

स्फटिकातून किरण आरपार जातो आणि जाताना अणूंच्या प्रतलांवरून विवर्तित होतो. ब्रॅगची अट अशी: प्रतलांमधल्या अंतराची दुप्पट, गुणिले कोनाची ज्या, बरोबर तरंगलांबी. केईव्हीतल्या ऊर्जेने १२.४ ला भागलं की तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये मिळते. ५११ केईव्हीला ती ०.०२४३ अँगस्ट्रॉम आहे. तांब्याच्या (१११) प्रतलांमधलं (कंसातले आकडे स्फटिकातली कुठल्या दिशेची प्रतलं ते सांगतात) अंतर २.०८७ अँगस्ट्रॉम, म्हणून ब्रॅग कोन फक्त ०.३३ अंश, आणि किरण वळतो त्याच्या दुप्पट, ०.६७ अंश. कोन इतका लहान असल्यामुळे नाभीय अंतर लांबच लांब होतं. आखणीचं मुख्य सूत्र एकच आहे: वर्तुळाची त्रिज्या = नाभीय अंतर × १२.४ ÷ (प्रतलांतर × ऊर्जा).

नाभीय अंतर २० मीटर धरा. तांब्याची (१११) प्रतलं २३.२ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर बसतात, (२००) ची २६.८ वर, (२२०) ची ३८ वर, (३११) ची ४४.५ वर. चारही वर्तुळं ५११ केईव्हीचे किरण त्याच बिंदूवर आणतात. ही रचना एकाच रेषेसाठीची आहे. रुंद पट्टा हवा असेल तर वर्तुळं थोड्याथोड्या त्रिज्येने पुढे-मागे घेऊन प्रत्येक वर्तुळाला शेजारची ऊर्जा द्यायची; मग कुठल्याही एका ऊर्जेवर क्षेत्र कमी मिळतं. पहिल्या प्रकल्पासाठी एकाच रेषेचं भिंग घ्या.

आता स्फटिकाची निवड. निर्दोष जर्मेनियम घेतलं तर वाटतं उत्तम, पण निर्दोष स्फटिक ५११ केईव्हीला एका आर्कसेकंदाच्याही आतल्या कोनातच विवर्तन करतो, त्यामुळे तो ऊर्जेचा अगदी बारीक काप उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. म्हणून मोझेक स्फटिक लागतो: आतले सूक्ष्म तुकडे एकमेकांशी किंचित कललेले, एकूण पसारा ३० ते ६० आर्कसेकंदांचा. ऊर्जेची पट्टी काढायला हा पसारा ब्रॅग कोनाने भागायचा. ३० आर्कसेकंद आणि ०.३३ अंश, म्हणजे अडीच टक्के, ५११ केईव्हीला सुमारे १३ केईव्ही. हेच तांबं ८४७ केईव्हीला वापरलं तर ब्रॅग कोन आणखी लहान आणि पट्टी ४ टक्के, म्हणजे ३५ केईव्ही होते. टाइप १ए सुपरनोव्हात (श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटात) कोबाल्ट-५६ ची ८४७ केईव्हीची रेषा स्फोटातल्या वेगामुळे काही टक्क्यांनी पसरलेली असते, त्यामुळे हा पसारा तिला छान जुळतो. मोझेक वाढवून पट्टी आणखी रुंद करण्याचा मोह होतो. पण त्याच प्रमाणात प्रत्येक ऊर्जेवरची परावर्तकता घसरते, आणि सलग वर्णपटाच्या स्रोतासाठी ठिपकाही पसरतो: ३० आर्कसेकंदांचा पसारा २० मीटरवर जवळपास ६ मिलिमीटरची पसरण देतो.

मोझेक स्फटिकाला आणखी एक मर्यादा आहे. आत वळलेला किरण पुढच्या तुकड्यांवरून परत मूळ दिशेला वळतो, त्यामुळे विवर्तित भाग निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही. वर शोषण. तांब्याचं शोषण ५११ केईव्हीला दर सेंटिमीटरला ०.७४, ६ मिलिमीटर जाडीतून ६४ टक्के पार होतं. निम्मे करून कमाल ३२ टक्के. प्रत्यक्षात २० टक्के हाती आले तर काम चांगलं झालं असं समजा. जाडी कमी केली तर विवर्तन अपुरं, जास्त केली तर शोषण. सर्वोत्तम जाडी या दोन गुणांकांच्या गुणोत्तरावरून निघते आणि तांब्यासाठी ती या ऊर्जेला काही मिलिमीटर ते एक सेंटिमीटर अशी येते. बाहेरच्या वर्तुळांवरची प्रतलं दुबळी असल्यामुळे तिथे जाडी वाढवावी लागते.

वाकवलेले स्फटिक ही निम्म्याची मर्यादा ओलांडतात. प्रतलंच वक्र असली की किरण पुढे जाताना ब्रॅग कोनातून बाहेर पडतो आणि परत वळत नाही. सिलिकॉन किंवा जर्मेनियमची पट्टी एका बाजूने घासून, तिच्यावर बारीक चरे पाडून किंवा सिलिकॉन-जर्मेनियमचं प्रमाण खोलीप्रमाणे बदलत नेऊन हे करतात. वक्रतेची त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट ठेवली, २० मीटरच्या भिंगासाठी ४० मीटर, तर एकेक स्फटिक स्वतःही किरण एकवटतो आणि ठिपका स्फटिकाच्या रुंदीपेक्षा लहान होतो. माझं मत स्पष्ट आहे: पुढची भिंगं वाकवलेल्या जर्मेनियम-सिलिकॉनचीच होतील. तांबं शिकायला, हिशेब पडताळायला आणि उच्च ऊर्जेच्या एकाकी रेषांसाठी चांगलं.

आपलं भिंग पुरं करू. स्फटिक १५ × १५ मिलिमीटर, जाडी ६. आतल्या वर्तुळावर सुमारे ९५ बसतात, चारही वर्तुळांवर मिळून ५४० च्या आसपास. एका स्फटिकाचं वजन १२ ग्रॅम, एकूण तांबं साडेसहा किलो. भौमितिक क्षेत्र १,२०० चौरस सेंटिमीटर, आणि बाहेरच्या वर्तुळांची घटती परावर्तकता धरून परिणामकारक क्षेत्र १५० च्या घरात. दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला एक लाखांश फोटॉन देणारा स्रोत असेल तर दिवसाला सुमारे १३० फोटॉन नाभीवर येतील. हा आकडा लहान वाटतो, पण ३६ घन सेंटिमीटरच्या डिटेक्टरसमोर तो मौल्यवान आहे.

इथपर्यंत सगळं कागदावर. आता जुळणी.

प्रत्येक स्फटिकाला तीन अक्षांवर वळता येतं, आणि तिन्हींची सहनशीलता सारखी नसते. हे आधी न कळल्यामुळे पुष्कळ यंत्रणा विनाकारण महाग होतात. प्रतलांना लंब असलेल्या अक्षाभोवती, म्हणजे साधारण वर्तुळाच्या त्रिज्येभोवती, स्फटिक फिरला तर सपाट स्फटिकात जवळजवळ काहीच बिघडत नाही. किरणाच्या दिशेभोवती फिरला तर ठिपका सरकतो, पण अगदी थोडा: २३ सेंटिमीटर त्रिज्येवर एका आर्कमिनिटाला ०.०७ मिलिमीटर. तिसरा अक्ष वर्तुळाच्या स्पर्शरेषेचा. तो ब्रॅग कोनच बदलतो. सलग वर्णपटासाठी १० आर्कसेकंदांची चूक २० मीटरवर ठिपका २ मिलिमीटर सरकवते. एकाच रेषेसाठी तर स्फटिक पट्टीच्या काठावर जातो आणि त्याचं योगदान घटतं. १० आर्कसेकंद किती बारीक, ते आपल्या शहरात मोजायचं तर सीताबर्डीच्या किल्ल्यावरून सुमारे १४ किलोमीटरवरच्या कामठीकडे धरलेली रेषा तिथे पाऊण मीटरही हलता कामा नये. सगळी अचूकता या एका अक्षावर खर्च करा, बाकी दोन सैल सोडा.

स्फटिक कापताना त्याचा बाह्य पृष्ठभाग आणि आतली प्रतलं समांतर येत नाहीत. फरक सहज काही आर्कमिनिटांचा असतो. म्हणून स्फटिक पृष्ठभागाच्या आधारावर बसवायचा नाही, विवर्तित किरण पाहून बसवायचा. तांबं मऊ आहे. करवतीने कापलं तर कडेचा थर चुरतो आणि तिथला मोझेक वाढतो. त्यामुळे तारेच्या स्पार्कने, म्हणजे वायर-कट यंत्रावर कापून वर आम्लाने तो थर काढून टाकतात. हिंगणा एमआयडीसीत वायर-कटचं काम करून देणाऱ्या वर्कशॉपना ‘एकस्फटिक तांबं आहे, चिमट्यात आवळू नका’ हे आधी सांगा. आवळलेला स्फटिक बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून बिघडलेला असतो.

आता गोंद. समजा १५ मिलिमीटर रुंद स्फटिकाखाली गोंदाचा थर एका कडेला १०० मायक्रॉन आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ शून्य आहे. इपॉक्सी घट्ट होताना जाडीत एक टक्का आकसलं तर जाड कड १ मायक्रॉन खाली बसते. स्फटिक १४ आर्कसेकंदांनी कलतो. म्हणजे अचूकतेचा सगळा साठा एका मायक्रॉनमध्ये संपला, आणि तोही तुम्ही उत्तम यंत्राने स्फटिक बरोबर धरून ठेवल्यानंतर, पकड सोडल्यावर. इटलीत फेरारा इथल्या लाउए प्रकल्पात वाकवलेले जर्मेनियम आणि गॅलियम आर्सेनाइडचे स्फटिक २० मीटर नाभीय अंतरासाठी चिकटवताना गोंदाच्या आकसण्याने अचूकता रोखून धरली होती. यावर उपाय आहेत, पण एकही पूर्ण नाही. थर पातळ आणि सर्वत्र सारख्या जाडीचा ठेवा. त्यासाठी प्रत्येक स्फटिकाखालची बैठक त्याच्या मोजलेल्या कापकोनानुसार आधीच तिरकी करून घ्यावी, म्हणजे गोंदाला पाचरीचा आकार घ्यावा लागत नाही. पूर्ण तळाला गोंद लावण्याऐवजी मधोमध एकच ठिपका ठेवला तर कलण्याचा हात लहान होतो, पण हादऱ्यांत पकड कमी पडते. भरण असलेला, कमी आकसणारा गोंद निवडा. अवकाशासाठी असेल तर निर्वातात एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत हवा. इपॉक्सी ओलावाही शोषतं. पावसाळ्यात जुळवलेलं भिंग निर्वातात गेलं की गोंदातलं पाणी निघून जातं आणि थर पुन्हा आकसतो, म्हणून जुळणीच्या खोलीतली आर्द्रता नोंदवणं आणि स्थिर ठेवणं तापमानाइतकंच महत्त्वाचं.

चौकटीबद्दल लोक उलटी काळजी करतात. तापमानाने स्फटिकातलं प्रतलांतर बदलेल ही भीती व्यर्थ आहे: तांबं १० अंशांनी तापलं तर ५११ केईव्हीला फरक फक्त ०.०८ केईव्ही. खरा धोका चौकट वाकण्याचा. २ सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या पाटाच्या दोन तोंडांत १ अंश सेल्सियसचा फरक असेल, तर ३० सेंटिमीटर लांबीत उतार ७० आर्कसेकंदांनी बदलतो. तोच पाट इनव्हारचा (जेमतेम प्रसरण पावणाऱ्या लोखंड-निकेल मिश्रधातूचा) केला तर ४ आर्कसेकंद. टायटॅनियम यांच्या मधलं, हलकं आणि मजबूत. कार्बन फायबर प्रसरणात सगळ्यांत चांगलं, पण तेही ओलावा शोषतं.

तपासणीतली एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. भिंग अनंतावरच्या स्रोतासाठी जुळवलेलं असतं, पण प्रयोगशाळेत स्रोत काही मीटरवर असतो. अंतर मर्यादित असलं की किरण पसरत येतात, ब्रॅग कोन वाढतो आणि भिंग कमी ऊर्जेचे किरण उचलतं. सूत्र: मोजली जाणारी ऊर्जा = आखलेली ऊर्जा ÷ (१ + २ × नाभीय अंतर ÷ स्रोताचं अंतर). आपलं भिंग १०० मीटरवरून तपासलं तर ते ५११ नव्हे, ३६५ केईव्हीवर काम करेल. नाभी मात्र काचेच्या भिंगासारखी दूर जात नाही, जवळ येते, २० ऐवजी १६.७ मीटरवर, कारण प्रत्येक प्रतल लहान आरशासारखं वागतं. डिटेक्टर २० मीटरवर ठेवून ठिपका शोधत बसणारा दिवसभर शोधत राहील. शिवाय १५ मिलिमीटरच्या स्फटिकावर १०० मीटरवरच्या स्रोताचे किरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३१ आर्कसेकंदांनी वेगळ्या कोनात पडतात, म्हणजे मोझेकइतकाच फरक. मोझेक मोजायचा असेल तर अरुंद फट लावा. फेराराच्या प्रयोगशाळेतल्या लांब बोगद्यात यावर चांगला मार्ग काढला आहे: क्ष-किरण नळी आणि फट मिळून प्रत्येक स्फटिकासमोर सरकवायची, म्हणजे प्रत्येकाला भिंगाच्या अक्षाला समांतर किरण मिळतात.

हे सूत्र खऱ्या भिंगावर तपासून पाहा. फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने क्लेअर नावाचं भिंग बनवलं: ५५६ जर्मेनियम-सिलिकॉन मोझेक स्फटिक, ८ वर्तुळं, १७० केईव्ही, नाभीय अंतर २.७७ मीटर. जुळणी १४.१६ मीटरवरच्या क्ष-किरण स्रोताने झाली. सूत्रात घाला, उत्तर १२२ केईव्ही येतं, आणि जुळणी खरोखर १२२ केईव्हीवरच केली होती. त्यांनी स्फटिक पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चिकटवले, पट्ट्या टायटॅनियमच्या चौकटीवर बसवल्या, आणि स्क्रू फिरवून पट्टी वाकवत प्रत्येक स्फटिक जुळवला. गोंद सुकल्यावर जुळणी, हा त्यातला शहाणपणाचा भाग. १४ जून २००१ रोजी हे भिंग बलूनमधून वर गेलं आणि नीट रोख साधलेल्या ७२ मिनिटांत क्रॅब नेब्युलाकडून ३३ फोटॉन मिळाले. आकडा छोटा, पण आकाशातल्या स्रोताचे गॅमा किरण भिंगाने एकवटता येतात हे त्यातून सिद्ध झालं. स्क्रूची पद्धत हजारो स्फटिकांना झेपत नाही आणि प्रत्येक स्क्रू वजन वाढवतो, म्हणून पुढचे गट गोंदाकडे वळले.

मग अवकाशात अजून का नाही, याचं उरलेलं उत्तर लांबीत आहे. २० मीटरचा दांडा अवकाशात उघडायचा, आणि त्याच्या टोकाचा डिटेक्टर मिलिमीटरभरही आडवा हलला तर लेझरने ते मोजून हिशेबात धरायचं. न्यूस्टारने १० मीटरच्या दांड्यावर हे करून दाखवलं आहे. लांबीच्या दिशेने मात्र सवलत आहे: डिटेक्टर १० सेंटिमीटर पुढे-मागे झाला तरी ठिपका एक-दोन मिलिमीटरच पसरतो. ८० ते १०० मीटर नाभीय अंतर हवं असेल तर भिंग एका यानावर आणि डिटेक्टर दुसऱ्यावर ठेवावा लागतो. ही कल्पना २००० च्या दशकात धाडसी वाटायची. ५ डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-३ या दोन यानांच्या जोडीने सुमारे १५० मीटर अंतरावर मिलिमीटरच्या अचूकतेने एकत्र उडून दाखवलं, त्यामुळे तो आक्षेप आता खूपच सौम्य झाला आहे. ॲस्टेना या युरोपीय प्रस्तावात ३ मीटर व्यासाचं, २० मीटर नाभीय अंतराचं वाकवलेल्या स्फटिकांचं भिंग मांडलेलं आहे.

भिंगाकडून काय मागू नये, हेही सांगायला हवं, कारण प्रकल्पाच्या प्रस्तावात इथेच गल्लत होते. लाउए भिंग चित्र काढत नाही, एकवटतं. स्रोत अक्षापासून एक आर्कमिनिट बाजूला असेल तर २० मीटरवर ठिपक्याऐवजी ५.८ मिलिमीटर त्रिज्येची कडी दिसते: स्रोताच्या रेषेतले स्फटिक किरण एका बाजूला टाकतात, काटकोनातले उलट बाजूला. एकाच रेषेसाठी तर कडीचे काही तुकडे दिसतच नाहीत. त्यामुळे आकाशगंगेच्या मध्यभागी कित्येक अंश पसरलेली ५११ केईव्हीची प्रभा या भिंगाने मोजायला जाऊ नका. ते काम रुंद नजरेच्या कॉम्प्टन दुर्बिणीचं. भिंगाने विचारायचा प्रश्न असा: त्या प्रभेत एखादा बिंदूस्रोत आहे का? किंवा, २०१४ साली एम८२ दीर्घिकेतल्या सुपरनोव्हात इंटिग्रलने कोबाल्टच्या ज्या रेषा पाहिल्या, त्या याहून दूरच्या सुपरनोव्हांत दिसतील का?

डिटेक्टरबद्दल थोडंच. तो ५११ केईव्ही पूर्ण शोषेल इतका खोल हवा. सीझेडटीआयसारखे ५ मिलिमीटरचे तुकडे या ऊर्जेला अपुरे पडतात. भिंगाचा मधला भाग पोकळ असतो, तिथून आकाश थेट डिटेक्टरवर पडतं, म्हणून तो टंगस्टनने झाका. आणि तीच प्रतलं दुसऱ्या कोटीत (ब्रॅगच्या अटीत एका तरंगलांबीऐवजी दोन धरून) १,०२२ केईव्हीसुद्धा नाभीवर आणतात, हे वर्णपट वाचताना लक्षात ठेवा.

आता नागपुरात काय करावं. किरणोत्सारी स्रोत किंवा क्ष-किरण नळी वापरायची तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) ई-लोरा ही ऑनलाइन नोंदणी आणि संस्थेची परवानगी लागते. एका वर्षाच्या प्रकल्पात तो वेळ घालवू नका. विद्यापीठातला किंवा व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतला डिफ्रॅक्टोमीटर (क्ष-किरणांच्या विवर्तनाने स्फटिक तपासणारं यंत्र) मिळाला तर तो ८ केईव्हीचा असतो आणि तांब्यात २० मायक्रॉनच खोल पाहतो. भिंगासाठी लागणारा आतला मोझेक त्याने कळणार नाही, पण चुरलेला थर आम्लाने निघाला की नाही हे नेमकं कळेल. हिशेबासाठी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या क्ष-किरण संशोधनकेंद्राचं एक्सओपी हे सॉफ्टवेअर आणि मग कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर घडवणारं जिआंट४ वापरा.

आणि गोंदाचा प्रयोग. १५ मिलिमीटरचे पॉलिश केलेले काचेचे आरसे घ्या. जाड धातूच्या पाटावर एक आरसा यांत्रिक पद्धतीने घट्ट बसवा, तो संदर्भ. शेजारी दुसरा गोंदाने चिकटवा, एका कडेखाली ५० किंवा १०० मायक्रॉनचा फीलर गेज (नेमक्या जाडीची पातळ धातूची पट्टी) ठेवून पाचर ठरवून घ्या, आणि गोंद जेमतेम पकडू लागला की गेज काढा. एकाच लेझरचा किरण रुंद करून दोन्ही आरशांवर पाडा आणि परावर्तित ठिपके १० मीटरवर, भिंग काढलेल्या वेबकॅमच्या सेन्सरवर घ्या. दोन ठिपक्यांना दोन वेबकॅम लागले तरी चालेल. समोर गडद फिल्टर हवाच, नाहीतर प्रकाश सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाऊन ठिपका नुसता पांढरा दिसतो आणि मध्य काढता येत नाही. एका आर्कसेकंदाला ठिपका ०.१ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे १०० मायक्रॉनच्या पाचरीचे १४ आर्कसेकंद १.३ मिलिमीटर म्हणून दिसायला हवेत. दोन ठिपक्यांतला फरकच मोजा. लेझरचा स्वतःचा सरकाव आणि टेबलाचं हलणं त्यात वजा होतं. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात दिवसा हवा तरळते, रात्रीच्या नोंदी जास्त स्वच्छ येतात. दर मिनिटाला वीस-तीस चित्रांची सरासरी घ्या. गोंद सुकण्याचे पहिले २४ तास सलग नोंदवा, मग आठवड्यातून एकदा, सोबत तापमान आणि आर्द्रता. हार्डवेअरच्या दुकानातलं दोन भागांचं इपॉक्सी सुरुवातीला चालेल, पुढे कमी आकसणारे दोन प्रकार तुलनेला घ्या. नागपूरचं हवामान इथे उपयोगी पडतं: ४५ अंशांचा कोरडा मे आणि त्यानंतर लगेच दमट जुलै. एप्रिलमध्ये चिकटवलेले आरसे ऑगस्टपर्यंत मोजले तर आकसणं, उष्णतेचं प्रसरण आणि ओलाव्याने फुगणं ही तिन्ही एकाच आलेखात येतात. ती वेगळी काढायला त्याच गोंदाचा एक नमुना सिलिका जेलच्या बंद डब्यात, डब्याला काचेची खिडकी करून, शेजारीच ठेवा.